भेगांतला पारा

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरात भेग पाडता येईल का?"

सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मी बीडच्या त्या कॉलेजात नुकतीच रुजू झाले होते, कॉम्प्युटर शिकवायला. लॅबमधली निम्मी यंत्रं आधीच आजारी, आणि दारात हा उंच, हडकुळा माणूस उभा. एका हातात लोणच्याची बरणी, दुसऱ्या हातात सायकलच्या चाकाची तार. बरणीत काळी माती. मी दोन्ही हात पसरून दारात आडवी उभी राहिले.

"खरीखुरी न्हाई हो," ते घाईघाईनं म्हणाले. "गणितातली. माझ्याकडं जमीन हाय, पारा हाय, ऊन-पाणी सगळं हाय. फक्त भेग न्हाई. आणि भेगेबिगर बीडची जमीन म्हंजे दाराबिगर घर!"

म्हणता म्हणता ते माझ्या हाताखालून वाकून आत शिरले, फळ्यावर मी उद्याच्या तासासाठी लिहून ठेवलेलं सगळं पुसलं आणि चित्र काढू लागले. मला राग यायला हवा होता. आलाही. पण शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा फळ्यापुढं खडू घेऊन मी उभी होते, आणि सर बाकावर बसून "आता खाली, मॅडम! आता अजून खाली!" असं ओरडत होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या तावडीत सापडले ते सापडलेच.

सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि निवृत्तीला आले होते. जमिनीत सांडलेला पारा पुढं काय करतो, हा त्यांचा एकमेव विषय. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाच्या भातात बोटानं भोक पाडायचे, त्यात वरण ओतायचे आणि भेगेतून पाणी कसं खाली जातं ते दाखवायचे. शेजारचा माणूस ओळखीचा असलाच पाहिजे असं काही नव्हतं. त्यांच्या घरी लोणचं उघड्या वाडग्यात असे, कारण बरण्या सगळ्या मातीनं भरलेल्या.

त्यांना हवं होतं ते मॉडेल, म्हणजे जमिनीची गणितातली नक्कल. जमिनीचे एकाखाली एक थर मांडायचे, प्रत्येक थरात पारा किती, ऊन किती पोचतं, पाणी किती मुरतं हे भरायचं, आणि पुढच्या काही वर्षांत काय होईल ते कॉम्प्युटरकडून वदवून घ्यायचं. अशी तयार मॉडेलं मिळतात. पण त्यांतली जमीन गुणी असते. पाणी तिच्यात हळूहळू, सगळीकडं सारखं झिरपतं. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की हात कोपरापर्यंत आत जावा. तिथं पाणी झिरपत बसत नाही, धबाधबा खाली पडतं. म्हणून सरांना भेग हवी होती.

मातीतला पारा तीन तऱ्हांनी वागतो, असं त्यांनी मला शिकवलं, आणि तिन्हींना नावं दिली. ऊन लागलं की वाफ होऊन हवेत जातो तो उडाणटप्पू. पाण्याबरोबर खाली खाली जातो तो फेरीवाला. आणि मातीतल्या कुजलेल्या पाल्याला, कोळशाला घट्ट चिकटून बसतो, काही केल्या हलत नाही, तो घरजावई. हे तिसरं नाव त्यांच्या दुल्हाभाईंवरून आलं होतं. थोरल्या बहिणीचे ते यजमान खरोखरच घरजावई म्हणून आले होते आणि अखेरपर्यंत हलले नव्हते.

ही नावं वर्गातही तशीच चालत. एकदा तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी एका मुलीला विचारलं, मातीत पारा कोणकोणत्या रूपांत आढळतो? मुलगी घाबरली आणि म्हणाली, "सर, मेन तर घरजावई." परीक्षकांनी चष्मा काढला. शेजारी बसलेले आमचे सर खुर्चीतून अर्धे उठले. "बरोबर हाय! आता तिला विचारा, कावून हलत न्हाई ते. तेबी सांगंल." मुलीनं खरंच सांगितलं, अगदी व्यवस्थित सांगितलं. परीक्षक चहा घेताना मला हळूच विचारत होते, की हे गृहस्थ कायमचे नोकरीत आहेत का.

आणि त्यांच्याबरोबर प्रवास! एकदा नेकनूरहून एसटीनं येत होतो. उन्हाळ्याचे दिवस. सर खिडकीशी. अचानक त्यांनी उठून घंटीची दोरी अशी ओढली की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"कावून थांबवली हो?" कंडक्टर.

"भेग हाय."

"कुटं? टायरात?"

"शेतात. लई मोठी."

मागून कुणीतरी म्हणालं, "ती काय पळून चालली का बे?" सगळी गाडी हसली. सर तोवर खाली उतरून पळत होते, तार उपसून, खाटकासारखे. मी दोघांच्या पिशव्या घेऊन मागं. गाडी निघून गेली. सरांनी ती तार भेगेत वरपासून खालपर्यंत सोडून पाहिली, वाकडी कुठं होते ते पाहिलं, भेगेला नाक लावून वास घेतला. "मॅडम, ही बघा, खाली गेल्यावर वळली!" त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मी पुढच्या गाडीची वेळ विचारायचं विसरले. भेग वळते, हे मलाही तेव्हा भारी वाटलं. आता हे लिहिताना वाटतं, एखाद्यानं तिकिटाचे पैसे बुडवून घ्यावेत असं त्यात काय होतं? पण होतं. ते समोर असले की असायचं.

ही सगळी धडपड एका अंगणासाठी होती, हे मला उशिरा कळलं.

सरांचं घराणं झारेकऱ्यांचं. सराफ्यातल्या दुकानांचा केर, भट्टीची राख, कोळशाचा चुरा विकत घ्यायचा आणि धुऊन त्यातलं सोनं काढायचं, हा धंदा. धुतलेल्या गाळात पारा मिसळतात. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मग फडक्यातून पिळायचं, उरला गोळा तापवायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. जुन्या बीडात नदीकडच्या उतारावर त्यांचं घर, आणि घरापुढं हे धुण्याचं अंगण. पिळताना, ओतताना पारा सांडायचाच. किती पिढ्या सांडत आला कोण जाणे. वडील थकल्यावर धंदा बंद झाला. पारा मात्र कुठं जाणार?

अंगणाच्या मध्यावर विहीर. आणि घरात आपा, म्हणजे सरांची थोरली बहीण, त्यांचा मुलगा, सून आणि नातवंडं. आई लवकर गेल्यावर सरांना आपांनीच वाढवलेलं. विहिरीचं पाणी त्या घराला लागायचं आणि उन्हाळ्यात अर्ध्या गल्लीला. सरांनी पाणी तपासून घेतलं होतं. त्यात पारा नव्हता. पण अंगणातली माती त्यांनी नळी ठोकून खोलवरून काढली, बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवली, तर खाली, चांगलं हातभर खाली, पारा खच्चून भरलेला. प्रश्न एवढाच होता: वर सांडलेला पारा इतक्या खाली पोचलाय, तर विहिरीला कधी पोचणार?

मी भेग पाडली. खूप त्रास दिला त्या भेगेनं. उन्हाळ्यात उघडायची, पावसाळ्यात मिटायची, आणि पाणी फक्त उघडी असताना आत घ्यायची. पण एका संध्याकाळी आकडे सुरू झाले, आणि मॉडेलनं दाखवलेला पारा आणि मातीत प्रत्यक्ष सापडलेला पारा थरामागून थर जुळत गेला. वर कमी, खाली जास्त, अगदी तसाच! मी किंचाळले. सरांनी खुर्ची उलटी केली. त्यांनी जिलेबी मागवून सगळ्या स्टाफला, शिपायाला, फी भरायला आलेल्या अनोळखी पालकांना वाटली. भेगांतून पारा खाली उतरतो, हे आम्ही आकड्यांनी दाखवलं होतं. जिलेबी संपल्यावर सरांनी पुढची वर्षं चालवून बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. मॉडेलप्रमाणे फेरीवाला थोड्याच वर्षांत विहिरीत उतरत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही आपांकडं गेलो. भावंडं आपसात दखनी उर्दू बोलत. मी असले की मराठीवर येत.

"आपा, विहीर बंद करावी लागंल."

"पान्यात पारा हाय?"

"आत्ता न्हाई. पन येनार हाय."

"कोन म्हनतं?"

"कॉम्प्युटर म्हनतो."

"त्याला म्हनावं, नळाला पानी कदी येनार ते आदी सांग." आपांनी सुपारी तोंडात टाकली. "अब्बांनी खोदलेली विहीर हाय. मी जित्ती हाय तोवर कुनी बुजवून दाखवा."

सरांनी आवाज चढवला, आपांनी त्याहून. शेवटी आपांनी बाज उचलून आणायला लावली, विहिरीला खेटून टाकली आणि तिच्यावर बसल्या. ऊन लागू नये म्हणून मुलानं वर पत्र्याचा आडोसा केला. त्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की आपा पानदान घेऊन तिथं, ते संध्याकाळपर्यंत. भावाशी बोलणं बंद. सर दारात जाऊन उभे राहायचे, आपा विहिरीकडं तोंड करायच्या. कॉलेजात मात्र ते माझ्याशी इतकं बोलायचे, इतकं बोलायचे, की मला कळायचं, हे सगळं दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं होतं.

"तिला गणित पटत न्हाई ना? मग माती दाखवतो," एके दिवशी ते म्हणाले, आणि अंगणाच्या पार टोकाला चर खणायला घेतला. खणणाऱ्या गड्यांना मास्क, हातमोजे, आणि काम सुरू करण्याआधी पाऱ्यावर एक व्याख्यान. चर छातीइतका झाला. सर उतरले, मागून मी. आपा लांबून बाजेवरून बघत होत्या, बघत नसल्यासारखं करून.

चराच्या भिंतीत काळ्या मातीतून राखाडी पट्टे वरून खाली गेले होते. भेगांचे जुने मार्ग. "बघा, मॅडम!" सर ओरडले. "ह्याच वाटेनं गेलाय गडी!" त्यांनी तारेच्या टोकानं पट्टा खरवडला. कोळशाचे खडे पडले. त्याखालून एक खापराचा तुकडा पडला, अंगठ्याएवढा, एका बाजूनं काचेसारखा चकाकणारा. सोनाराच्या मुशीचा तुकडा, ज्यात सोनं वितळवतात.

सर तो तळहातावर घेऊन उभे राहिले. उलटसुलट करून पाहिला. मी विचारलं, काय झालं?

"मॅडम, पारा पान्याबरोबर खाली जाईल. मान्य. हा एवढा खापराचा तुकडा जाईल का हो?"

"भेगेत पडला असेल."

"एक पडंल. हे बघा. हितं. हितं. आन् हे." ते भिंत खरवडतच सुटले. पट्टाच्या पट्टा राखेचा, कोळशाचा, मुशीच्या तुकड्यांचा, दाबून बसवलेला. "हे झिरपलेलं न्हाई. हे हातानं भरलंय! ठासून भरलंय!" आणि मग त्यांनी स्वतःच्या हातांकडं असं पाहिलं, जणू ते आत्ताच कुणी आणून लावले होते. "मॅडम... मीच भरलंय."

ते मटकन चरात खाली बसले आणि हसायला लागले. धुऊन उरलेला गाळ टोपल्यात घ्यायचा, उन्हाळ्यात फाटलेल्या अंगणाच्या भेगांत लोटायचा आणि वरून काठीनं ठासायचा, हे लहानपणी दर उन्हाळ्यात त्यांचंच काम होतं. जगातल्या मातीवरचं सगळं वाचलं, कुठल्या कुठल्या देशांतली मॉडेलं पालथी घातली, आणि हे एवढं आठवलं नाही. "पारा चालत गेलाच न्हाई, मॅडम! म्या त्याला उचलून न्हेऊन ठिवला!"

मला माझ्या भेगेचं वाईट वाटलं, खोटं का बोला. इतकी सुंदर जुळली होती. जुळलीच कशी, हा प्रश्न मला पडला, आणि उत्तर सोपं होतं: आम्हाला उत्तर आधीच ठाऊक होतं, आणि ते येईपर्यंत आम्ही भेगेची रुंदी कमी-जास्त करत बसलो होतो.

पण वाईट वाटून घ्यायला वेळ कुठं होता! आम्ही तसेच, चिखलाच्या पायांनी, लॅबमध्ये. खालचा पारा आता आधीच खाली मांडला, कोळशासकट. कोळसा पाऱ्याला सोडत नाही. म्हणजे तो सगळा घरजावई. फेरीवाला उरला नावापुरता. आकडे धावले. विहिरीकडं काही जाईना. पुढं चालवलं. जाईना. आणखी पुढं. विहीर कोरडी ठणठणीत, म्हणजे पाऱ्यापुरती! सर टेबलावर बुक्की मारत होते. मी टाळ्या वाजवत होते. आणि त्या टाळ्यांच्या मध्येच त्यांचा हात हवेत थांबला.

"खालचा पारा वरनं गेलेला न्हाई," ते हळू म्हणाले. "मग वर सांडलेला कुटं गेला?"

कुठंच नाही. वरच्या थरात पारा खालच्या मानानं कमी होता, पण होता, आणि तो वरून हललाच नव्हता. पहिल्या मॉडेलमध्ये आम्ही तो खाली उतरला म्हणून सोडून दिला होता. आता तो अंगणाच्या वरच्या थरात होता, आणि वर बीडचं मे महिन्यातलं ऊन. सगळा उडाणटप्पू. मी अंगणाचा नकाशा पडद्यावर काढला, वाफ जिथं जास्त तिथं लाल. पिळण्याची जागा पूर्वी विहिरीच्या कडेला होती. तिथं गडद लाल ठिपका उमटला. सरांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"आपाची बाज," ते म्हणाले.

वर पत्रा. खाली तापलेली माती. आणि पत्र्याखाली कोंडलेली हवा, दिवसभर. तो आडोसा आमच्याच इशाऱ्यामुळं तिथं आला होता. पुढं हवा मोजायचं यंत्र मिळालं आणि त्यानंही तेच सांगितलं, पण तोवर थांबणं कुणाला शक्य होतं? भर दुपार होती. माझी स्कूटी, मागं सर, गल्लीबोळांतून आम्ही असे सुटलो की एका फळगाडीवाल्यानं दोघांना नावं घेऊन शिव्या दिल्या.

आपा बाजेवर सुपारी कातरत होत्या.

"आपा, ऊठ."

"न्हाई उठत."

"विहीर ऱ्हाऊ दे. विहिरीचं मी चुकलो."

अडकित्ता थांबला. "काय म्हनला?"

"चुकलो म्हनलो."

"मोट्यानं म्हन. दुल्हन! बाहेर ये. मामू काय म्हनतो ऐक."

सून बाहेर आली. शेजारच्या गच्चीवर डोकी दिसू लागली. सर बेंबीच्या देठापासून ओरडले, "मी चुकलो!" आपांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "अजून एकदा."

"आपा, सारा दिवस म्हनतो, पन घरात चल! तू बसलीस ना, तिथंच पारा हाय. ऊन लागलं की उडतो. तुझ्या नाकात जातोय!"

आपांचे डोळे बारीक झाले. "आत्ता समजलं. मला उटवायचं आन् मागनं विहीर बुजवायची." त्यांनी दोन्ही हातांनी बाजेचा दांडा धरला.

सरांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. "मॅडम, धरा तिकडनं."

मी पायथा धरला, त्यांनी उशाकडची बाजू, आणि आम्ही बाज उचलली, आपांसकट! "अरे छोड रे! गिरतूं मैं!" पानदान घरंगळलं, सून नातवंडांना कवेत घेऊन बाजूला झाली, गच्चीवरून कुणी टाळ्या पिटल्या. अंगण ओलांडून, दार ओलांडून, गल्लीतल्या लिंबाच्या सावलीत आम्ही बाज टेकवली. तिघंही धापा टाकत होतो. आपा शिव्या देता देता हसत होत्या, भावाच्या पाठीत गुद्दे घालत होत्या.

मग सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि सगळं सांगितलं. चर, खापराचे तुकडे, भेगा. "म्या भरला होता गाळ, आपा. आठवतंय?"

आपांचं हसणं हळूहळू गेलं.

"तू कुटं भरत होतास," त्या म्हणाल्या. "मी भरायला लावत होते. भेगंत पाय अडकून तुझा घोटा मुरगळला होता. लई रडलास. माय न्हवती. म्हनून म्या टोपलं दिलं, म्हनलं, भर सगळ्या." त्यांनी दारातून अंगणाकडं पाहिलं. "म्हंजे ह्या जमिनीत इख मी घातलं का रे?"

सरांनी आपांचा हात हातात घेतला.

"न्हाई, आपा. त्या गाळात कोळसा होता. त्यानं पारा धरून ठिवला. पान्यात गेला न्हाई, हवेत गेला न्हाई. साऱ्या अंगनात तू भरायला लावलेला तेवढाच जागेवर बसलाय. आमी जो तसाच वर सोडला, त्यो तरास देतोय."

आपांनी ओढणीनं आधी भावाचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. थोड्या वेळानं त्यांनी पाय खाली सोडले आणि सूनबाईला हाक मारली, टोपली कुठं ठेवलीत म्हणून. मग भावाकडं वळल्या.

"उरलेला झाकायचा तर कोळसा किती लागंल?"